तीन टाक्यांचं फडकं

पॉवरहाऊसच्या मशीन हॉलमध्ये चार जनरेटर आहेत आणि त्यांच्या मधल्या फरशीत माणसाला आपलं तोंड दिसतं. एकतीस वर्षं ते तोंड दिसत राहिलंय ते आत्यामुळे. आत्या म्हणजे सफाईची मुकादम. ती इथे कोणाची सख्खी आत्या नाही, पण धरणाच्या पायथ्याशी काम करणारा प्रत्येक माणूस, अगदी मोठे साहेबसुद्धा, तिला आत्याच म्हणतो. शाळेचं विचारलं तर ती सांगते, "मला जेवढं वाचायचं होतं तेवढं दुसरीपर्यंत वाचून झालं." पुढे विचारायची कोणाची छाती होत नाही.

तिच्याकडे चार फडकी असतात. प्रत्येक मशीनचं वेगळं. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घातलेले: एक नंबरच्या फडक्याला एक टाका, दोनच्या फडक्याला दोन, तीनला तीन, चारला चार. एका मशीनची घाण दुसऱ्याला लावायची नाही, हा तिचा कायदा. नव्याने लागलेल्या बाया यावर हसतात. आठ दिवसांनी हसायच्या थांबतात, कारण तोवर त्यांनीही एकदा चुकीचं फडकं उचललेलं असतं आणि आत्याचं तोंड ऐकलेलं असतं.

प्रत्येक मशीनच्या पोटाखाली एक गोल खोली आहे. मधून जाडजूड दांडा जातो, डोक्यावर जनरेटरचा खालचा भाग, आणि आत शिरायला एक लोखंडी दार, त्याला तळहाताएवढी काच. दर सोमवारी एकेक करून चारही मशीन तासभर बंद ठेवतात. ऑपरेटर ते बंद करतो, कुलूप घालतो आणि किल्ली आत्याच्या हातात देतो. ती गळ्यात अडकवून आत्या आत जाते. ती किल्ली परत येईपर्यंत मशीन फिरूच शकत नाही, मग बाहेर मंत्री येऊन उभा राहिला तरी. आत्याला ही गोष्ट फार आवडते. घरी पाहुणे आले की ती कशावरून तरी किल्लीवर येतेच.

आत्या बाहेर आली की मग साहेब लोक आत बघायला जातात. आधी साफसफाई, मग तपासणी. पाहुणा यायच्या आधी घर झाडतात तसंच. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती आणि कोणाला कधी खटकलीही नव्हती.

आता सून. आत्याचा लेक दूर बंदरावर क्रेन चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. त्यामुळे घरात या दोघीच. सून याच पॉवरहाऊसमध्ये इंजिनिअर. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिने बंद पडलेला मिक्सर उघडून सगळ्या स्वयंपाकघरात पसरला होता. आत्या म्हणाली, "हा परत जोडला गेला नाही तर तुला माहेरी पाठवीन, पिशवीत मिक्सर घालून." तो जोडला गेला. पूर्वीपेक्षा कमी ओरडायला लागला. तेव्हापासून आत्या जगापुढे सुनेची तक्रार स्वतः करते आणि दुसऱ्या कोणी केलेली ऐकून घेत नाही.

या सुनेने दीड वर्ष खपून चारही मशीनना सेन्सर लावले. वैद्य नाडी धरतो तसे ते मशीन धरून बसलेले असतात. कुठे किती थरथरतंय, कुठे किती तापलंय, आत बारीकशी ठिणगी उडतेय का, हे सगळं कंट्रोल रूममधल्या तिच्या प्रोग्रॅमकडे जातं. आणि प्रोग्रॅम नुसतं 'बिघडलंय' म्हणत नाही. काय बिघडलंय आणि कुठे, ते सांगतो.

जुन्या ऑपरेटरला हे पटलं नव्हतं. त्याला सगळे कानसेन म्हणतात. लाकडी दांड्याचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून तो तीस वर्षं मशीनची तब्येत सांगत आलाय. त्याने प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ज्योतिषी. रोज सकाळी विचारायचा, "काय सूनबाई, आज काय म्हणतोय तुमचा ज्योतिषी? प्रवास करू का?"

"करा की," सून म्हणायची, "पण दांडा घरी ठेवून जा."

सुरू झाल्यापासून ज्योतिषी महिनाभर एकच गोष्ट सांगत होता. तीन नंबर मशीन. खालचं अंग. एकेचाळीस ते सत्तेचाळीस नंबरच्या खाचा. पाचरी सैल.

जनरेटरच्या आतल्या भिंतीत उभ्या खाचा असतात, त्यांत तांब्याच्या जाड पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि त्या हलू नयेत म्हणून वर पाचरी ठोकलेल्या असतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात तशाच. पाचर सैल झाली की पट्टी खाचेत थरथरते, तिच्यावरचं वेष्टण घासत जातं, आणि एक दिवस भडका उडून मशीन सहा महिने आडवं होतं.

दोन सोमवारी मशीन बंद असताना आत बघितलं. दोन्ही वेळा काही दिसलं नाही. खालची खोली आरशासारखी स्वच्छ. मशीन पुन्हा फिरायला लागल्यावर कानसेनाने दांडा लावला, डोळे मिटले, म्हणाला, "काही नाही. ठणठणीत आहे." दुसऱ्या तपासणीनंतर मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुढल्या मंगळवारी प्रोग्रॅम बंद करायचा, सेन्सर उतरवायचे, आणि सूनबाईंना नकाशांच्या खोलीत टेबल द्यायचं. आवाज अगदी गोड होता. आत्याला गोड आवाजात बोलणारी माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत.

त्या संध्याकाळी सून घरी आली तेव्हा आत्या बाल्कनीत दोरीवर फडकी वाळत घालत होती.

"तोंड का असं, दूध नासल्यासारखं?"

"काही नाही, आई."

"काही नसेल तर हात धुऊन जेव. काही असेल तर आधी बोल. पोटात दोन्ही एकदम मावणार नाही."

सून बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसली. साहेबांचं बोलणं आत्याने ऐकलेलंच होतं, ते पुन्हा सांगायची गरज नव्हती. सून म्हणाली, "मला त्यांचा राग नाही आला. मला आता माझीच खात्री वाटेना. आई, त्या पट्ट्या घासतात ना, तेव्हा त्यांच्यावरच्या वेष्टणाची पिठी पडते. बारीक, पिवळट राखाडी. तेलाचा अंश असेल तर बोटाला बुळबुळीत लागते. महिनाभर पाचरी सैल असतील तर खाली पिठी पडलेली दिसायलाच हवी. चिमूटभरसुद्धा नव्हती. म्हणजे माझंच चुकलं असणार."

आत्याच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

पिवळट राखाडी, बुळबुळीत. वर्षभर दर सोमवारी ती तीन नंबरच्या खोलीत हे पुसत होती. तिने त्याला नावही ठेवलं होतं, तीन नंबरचा कोंडा. बाकी तीन मशीनना नसायचा. एकदा तिने कानसेनाला विचारलंही होतं, तो म्हणाला होता की छताचा चुना असेल. चुना असा बुळबुळीत लागत नाही हे आत्याला तेव्हाही कळत होतं, पण तिला कोंड्याचं कारण नको होतं, कोंडा नको होता. ती पुसायची आणि मोकळी व्हायची. साहेब आत यायच्या आधी, एकही कण न ठेवता.

सुनेला वाटलं आता नकाशांच्या खोलीवरून काहीतरी खरमरीत ऐकायला मिळणार. पण आत्या अजून हातातलं फडकंच बघत होती. तिच्या कामावर एकतीस वर्षांत कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता ते तिचं तिलाच ठेवावं लागणार होतं. तेही त्या हॉलमध्ये, त्या फरशीवर, कानसेनासमोर. क्षणभर तिला वाटलं, नाहीतरी कोणाला कळणार आहे. मग तिला वाटलं, मला कळलंय की.

तिने दोरीवरची चारही फडकी काढली आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. सून उठून उभी राहिली. या टेबलावर साधी वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी आत्या घर डोक्यावर घ्यायची.

"बघ," आत्या म्हणाली. "एक टाका. दोन टाके. हे चार टाके. काळं तेल, बाकी काही नाही. आता हे बघ, तीन टाक्यांचं."

ते फडकं चांगलं धुतलेलं होतं. तरी मधोमध पिवळट राखाडी डाग होता, कितीही उकळलं तरी न जाणारा. सुनेने त्यावर बोट फिरवलं. मग नाकाशी नेलं. मग खिडकीजवळ उजेडात.

"आई, हा पुरावा होता."

"होता."

"तुम्ही तो धुतलात."

"धुतला. दर सोमवारी. साबण लावून." आत्याने खुर्ची ओढली. "तुमच्यापैकी एकाने तरी विचारायचं होतं, की आमच्या आधी आत कोण जातं."

सून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला तिने टेबलावरचं फडकं उचललं, आणि आत्याने झटक्यात ते तिच्या हातातून काढून घेतलं. "तोंडाला लावतेस काय. आणि ते आता धुवायचं नाही."

"मी उद्या साहेबांना सांगते."

"तू नको. तुझ्या ज्योतिषाचं तू सांग. माझ्या फडक्याचं मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चारही फडकी घेऊन कंट्रोल रूममध्ये गेली. एरवी ती तिथे बादली घेऊन जायची. मोठे साहेब चहा पीत होते, कानसेन रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. आत्याने फडकी टेबलावर पसरली आणि जे होतं ते सांगितलं. मीठमसाला न लावता, आवाज न चढवता. शेवटी म्हणाली, "माझ्या हातून झालं. तुम्ही आत जायच्या आधी मी सगळं पुसत होते. तुम्हाला काही दिसलं नाही ते माझ्यामुळे."

साहेबांनी फडकं उलटसुलट करून बघितलं. "आत्या, तुमचं म्हणणं मी मानतो. पण हे फडकं आहे. याच्यावर काय काय पुसलं असेल. आता मी फडक्याच्या डागावरून मशीन थांबवू का?"

"मशीन थांबवू नका," आत्या म्हणाली. "मला थांबवा. येत्या सोमवारपर्यंत तीन नंबरच्या खोलीत मी पाय ठेवणार नाही, माझी बाई ठेवणार नाही. सोमवारी आधी तुम्ही आत जा. रिकाम्या हाताने. कालच तिथे सगळं पुसलंय, त्यामुळे जे दिसेल ते आठ दिवसांतलं. काही नसेल तर मंगळवारी तुमचा कार्यक्रम ठरलेलाच आहे."

साहेबांनी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "एवढंच हवंय, साहेब." साहेब म्हणाले, "ठीक आहे. शब्द दिला."

कानसेन म्हणाला, "आत्या आठ दिवस धूळ बघत बसणार? मशीनच्या आधी आत्याच बंद पडतील."

"तू तुझा दांडा सांभाळ, कानसेना. आणि छताच्या चुन्याचं मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही."

कानसेनाने मान खाली घालून रजिस्टर लिहायला घेतलं.

ते आठ दिवस आत्याने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दिवसातून दहा वेळा ती लोखंडी दारापाशी जायची. काचेतून बघायची नाही, बघितलं की हात शिवशिवायचे. तिसऱ्या दिवशी एक नवी बाई सवयीने तीन टाक्यांचं फडकं मागायला आली. आत्या म्हणाली, "तीन नंबरला सुट्टी आहे." त्या बाईने रात्री घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं म्हणे, आत्याला ताप आलाय.

आणि शनिवारी पाहुणे आले. कोणीतरी बडे लोक, पॉवरहाऊस बघायला. आदल्या दिवशी साहेब स्वतः आत्यापाशी आले. "खालचा मजला जरा चकाचक करून ठेवा. तीन नंबरचं दारसुद्धा. पाहुणे काचेतून बघतील."

"साहेब, तुम्ही शब्द दिलाय."

साहेब आठवून थबकले. "अहो, काच तरी पुसा आतून."

"आतून पुसायची तर आत जावं लागेल. बाहेरून पुसते. दोनदा पुसते, हवं तर."

पाहुण्यांत एक बाई होत्या, डोळ्यांवर चष्मा, हातात कागद. त्यांनी तीन नंबरच्या काचेतून डोकावलं, बोटाने काच घासून बघितली आणि म्हणाल्या, "ही धुवत नाही का कोणी? पलीकडचं काही दिसत नाही." हॉलमधल्या सगळ्या माणसांनी आत्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या सफाईला कोणी नाव ठेवलं होतं. ती म्हणाली, "धुते, बाई. सोमवारनंतर." आणि पाठ ताठ करून तिथेच उभी राहिली, दाराला पाठ लावून, पाहुणे जिना चढून जाईपर्यंत. सून वरच्या कठड्यावरून हे बघत होती. त्या दिवशी घरी तिने आत्याला स्वतः चहा करून दिला. आत्या म्हणाली, साखर जास्त झालीये. पण कप रिकामा झाला.

सोमवारी कानसेनाने तीन नंबर बंद केलं, कुलूप घातलं आणि सवयीने किल्ली आत्यापुढे धरली. आत्याने साहेबांकडे बोट दाखवलं. किल्ली साहेबांच्या गळ्यात गेली, त्यांच्या टायवर. साहेब आणि सून आत गेले. आत्या दाराबाहेर, हात मागे बांधून. रिकामे हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.

मग साहेब बाहेर आले. त्यांनी उजव्या हाताचं बोट वर धरलं होतं, लहान मुलाने काही लागलं म्हणून धरावं तसं. बोट पिवळट राखाडी होतं.

"सगळीकडे नाहीये," साहेब म्हणाले, आणि या वेळी आवाज गोड नव्हता, खरा होता. "एकाच बाजूला आहे. जमिनीवर पट्टा पडलाय हातभर रुंद. सूनबाईंनी टॉर्च मारून वरच्या खाचा मोजल्या. एकेचाळीसपासून सुरू होतो."

मशीन पुन्हा चालू झालं नाही. दोन दिवसांत फिरत्या भागाचा एक मोठा तुकडा वर उचलून काढला आणि खाचा उघड्या झाल्या. पाचर सैल आहे की घट्ट हे बघायची जुनी पद्धत म्हणजे तिच्यावर बारीक हातोडीने टकटक करायची आणि ऐकायचं. घट्ट पाचर टणटणते, सैल पाचर भदभदते. आणि त्या कामाला सगळ्या पॉवरहाऊसमध्ये एकच कान होता.

सुनेने स्वतः जाऊन त्याला बोलावलं. "कानसेनकाका, याला ज्योतिषी चालत नाही. तुम्हीच हवेत."

कानसेन हातोडी घेऊन आत वाकला. अडतीस, टण. एकोणचाळीस, टण. चाळीस, टण. एकेचाळिसाव्या पाचरीवर हातोडी पडली आणि आवाज असा आला की दारात उभ्या असलेल्या आत्यालाही कळलं. भद. ओल्या लाकडावर मारल्यासारखं. कानसेन थांबला. पुढे गेला. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, भद, भद, भद. पंचेचाळीस. शेहेचाळीस. सगळ्या तशाच. सत्तेचाळीस मात्र टण वाजली. त्याने ती तीनदा वाजवून बघितली.

तो बाहेर आला, घाम पुसला आणि सुनेला म्हणाला, "सहा सैल. सत्तेचाळीस घट्ट आहे. बाहेरून दांड्याला हे ऐकू येणं शक्यच नव्हतं, एवढ्या मोठ्या घरघरीत." मग जरा थांबून, "तुमच्या ज्योतिषाला ऐकू आलं."

सुनेने वहीत लिहून घेतलं. सत्तेचाळीसवर तिने गोल काढला. "सातातली एक चुकली," ती म्हणाली. "ते का, ते शोधायला हवं."

"शोध," आत्या म्हणाली. "लेकासाठी मुली बघितल्या तेव्हा मी सातातल्या सहा चुकले होते. शेवटची तेवढी बरोबर निघाली."

साहेब हसले, कानसेन हसला. सून वहीतच बघत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते. सहा वर्षांत आत्याच्या तोंडून तिच्याबद्दल एवढं चांगलं पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं, आणि तेही चारचौघांत, म्हणजे आता परत घेता येणार नव्हतं.

सेन्सर जागच्या जागी राहिले. नकाशांच्या खोलीतलं टेबल कानसेनाने डबा खायला घेतलं. सुनेने प्रोग्रॅममध्ये एक नवी ओळ घातली. दर सोमवारी आधी तपासणी, मग सफाई, आणि सफाईनंतर आत्याने चारही फडकी स्क्रीनसमोर आणायची. तिथे तीन बटणं: स्वच्छ, तेलकट, पिठी. वाचायला नको म्हणून सुनेने त्यांवर रंग दिले होते. आत्याने ते बघितलं आणि म्हणाली, "मला वाचता येतं. रंग काढ." रंग निघाले.

पाचरी नव्या बसल्या, मशीन जोडून झालं, चालू करायचा दिवस ठरला. चष्मेवाल्या बाईंसकट ते पाहुणे पुन्हा आले होते. साहेब घड्याळ बघत होते, कानसेन स्विचपाशी उभा होता. कारागीर आत बोटांचे ठसे, दोऱ्याचे तुकडे, लाकडाचे ढलपे सोडून गेले होते, त्यामुळे शेवटचं काम राहिलं होतं.

आत्याने नव्या पांढऱ्या फडक्याला आदल्या दिवशीच तीन लाल टाके घातले होते. कानसेनाने किल्ली दिली. तिने ती गळ्यात अडकवली, पदर खोचला आणि दार उघडून आत गेली. आधी चारही बाजूंना नजर फिरवली, सत्तेचाळीस नंबरच्या खाचेखाली जरा जास्त वेळ थांबून. मग काचेवर फडकं ठेवलं. काचेच्या पलीकडे चष्मेवाल्या बाईंचा चेहरा होता, साहेबांचा होता, आणि त्यांच्या मागे सुनेचा. आत्या गोल गोल पुसत राहिली. कोपरे पुसले, कोपऱ्यांचे कोपरे पुसले. बाहेर सगळे थांबले होते. ती बाहेर आल्याशिवाय मशीन फिरणार नव्हतं, आणि तिला काही घाई नव्हती.